नॉर्मल म्हणजे मी

४ मार्च

ताई,

लॅबमध्ये रबरी पट्ट्याचं एक टोक दातांत धरून तुम्ही स्वतःच्याच दंडाला गाठ मारलीत, तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. वाटलं, माझ्या आधी कुणीतरी घुसलं. तुम्ही हनुवटीनेच ‘बस’ म्हणालात, स्वतःच्या कोपरात सुई घातलीत, ट्यूब भरलीत, कापूस दाबलात आणि मग माझ्याकडे वळलात. "आधी माझं, मग तुझं," एवढंच बोललात. का, ते सांगितलं नाहीत. बाहेर सात-आठ जण टोकन घेऊन बसले होते, म्हणून मीही विचारलं नाही.

माझी शीर दोनदा चुकली. "पळतेय बघ. अगदी माझ्या भावासारखी, हाक मारली की पळते," म्हणालात. मी हसले. दंड अजून निळा आहे. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातले काका विचारत होते, काचेने कापलं का.

हे फोनवर विचारलं असतं. पण फोन आला की आई स्पीकर लावून शेजारी बसतात, आणि माझ्या वाटची उत्तरं त्याच देतात. म्हणून पत्र. उत्तर घरी पाठवू नका, चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

माझं काय अडलंय ते तुम्हाला तुकड्या-तुकड्यानेच माहीत आहे. नीट सांगते. आमचा टेस्ट-ट्यूब केंद्रात एकच गर्भ उरलाय, गोठवलेला. नवीन अंडी आता निघणार नाहीत, हे डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं. तो एक आत ठेवायचा, धरला तर धरला. पण दोन वेळा त्यांनी मला दारातून परत पाठवलं. रक्तातला सीआरपी पाचाच्या खाली हवा. माझा बारा आला, मग महिन्याने अकरा. शरीरात कुठेतरी सूज धुमसत असली की हा आकडा चढतो. कुठे, ते आकडा सांगत नाही. चढा असताना गर्भ धरण्याची शक्यता कमी दिसते, असं ते म्हणाले. ‘दिसते’ म्हणाले, ‘होते’ नाही. "हमी मी कशाचीच देत नाही. पण शेवटचा आहे, घाई कशाला? आधी दात, घसा, लघवी, सगळं तपासून घ्या."

तुमच्या भावाने घाई का ते सांगितलंय. हा एक गेला की आपण थांबणार. आपण म्हणजे तो. मला कुणी विचारलं नाही.

तुमच्याकडे रक्त द्यायचं आईंनी ठरवलं. घरचं माणूस नीट बघेल, म्हणाल्या. बघा.

तुमची वहिनी

---

८ मार्च

भिंगवाली,

तीन पूर्णांक आठ!

रिपोर्ट सोबत आहे, सही-शिक्क्यासकट. फ्रेम कर, दुकानात काचांची कमी नाही. मी सांगत नव्हते? तुझं काही धुमसत नाही, तुमच्या केंद्राचं मशीन धुमसतंय. तिथे दिवसभर बायकांची रांग, मशीनला श्वास नाही, आणि चालवायला असतं कोण? कालपरवा पास झालेली मंडळी. बारा म्हणे.

आता तुझा प्रश्न. स्वतःचं रक्त मी हौसेने काढत नाही. मशीनमध्ये तपासणीच्या औषधाची नवी बाटली लावली की ती बरोबर मोजते का, ते बघावं लागतं. त्यासाठी कंट्रोल नावाचं तयार पाणी मिळतं, ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो. मालक ते मागवत नाहीत. "तुम्ही असताना बाहेरून कशाला?" म्हणतात. आणि खरंच आहे ते. बारा वर्षं माझा सीआरपी दीड ते दोनच्या वर गेलेला नाही. सर्दी नाही, ताप नाही, लग्न नाही. तेव्हा बाटली बदलली की मी माझं रक्त लावते. दोनच्या आसपास आलं की मशीन शहाणं. इथली पोरंसोरंसुद्धा म्हणतात, आमच्याकडे नॉर्मल म्हणजे ताई.

या खेपेची बाटली मात्र वेडी निघाली. मला आठ दाखवते! मी हसले. मग मशीनचा गुणक, म्हणजे आलेल्या आकड्याला ते ज्याने गुणतं तो, खाली आणला, चौथ्या हिश्श्यावर, तेव्हा कुठे मी दोनवर आले. त्यानंतर तुझं लावलं. घरचं माणूस होतं म्हणून एवढी काळजी, हे आईला सांग.

तुझ्या दंडाचं वाईट वाटलं. दोष शिरेचा नाही, माझ्या बोटांचा. सकाळी आखडलेली असतात, तासाभराने सुटतात. आयुष्यभर फ्रिजमधल्या ट्यूबा हाताळल्या की असंच होणार.

आता थांबू नकोस. डॉक्टरांच्या पुढ्यात रिपोर्ट टाक आणि तारीख घेऊनच ऊठ.

ताई

---

२४ मार्च

ताई,

झालं.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "अकरावरून एकदम एवढा?" म्हणाले. आमच्याकडेच परत एकदा करून बघू का, असंही म्हणाले. त्यावर तुमचा भाऊ जे बोलला ते त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझी बहीण वीस वर्षं हेच करतेय. तिचा आकडा चुकत नाही." डॉक्टरांनी तारीख लिहून दिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने आकडा दिला होता.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, वेळ घेतलेली होती. मी फोन करून रद्द केली. डावीकडची दाढ अधूनमधून ठणकते, पण आता कशाला, असं वाटलं.

आत ठेवताना पडद्यावर दाखवतात. काळ्यात एक पांढरा ठिपका. लेन्स घासताना काचेत बुडबुडा सापडतो तसा; आम्ही ती काच फेकतो. नर्स म्हणाली, "बघा, आला घरात." मी नीट बघेपर्यंत पडदा बंद केला होता.

आता दोन आठवडे वाट बघायची. आईंनी माझ्यासाठी नियम केलेत. जिना नाही, बादली नाही, वाकणं नाही, चिडणं नाही. चिडणं नाही, हे दिवसातून तीनदा चिडून सांगतात. काकांनी मला घासायच्या मशीनवरून काढून काउंटरवर बसवलंय. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघतं आणि विचारतं, कसा दिसतो? मी सगळ्यांना छान म्हणते.

ताई, तुमचा आकडा मी रिपोर्टवरून कापून पाकिटात ठेवलाय. हसू नका.

वहिनी

---

३१ मार्च

भिंगवाली,

हसले नाही. दोन ओळीच लिहिते, पेन धरवत नाही आज.

जिना चढ, बादली उचल, काही होत नाही. फक्त आईसमोर उचलू नकोस. रक्त स्वच्छ आहे, अर्धी लढाई तिथेच जिंकलीस. इथे सगळाच महिना चांगला चाललाय. ज्याचा त्याचा सीआरपी खाली. समोरचे डॉक्टर परवा म्हणाले, तुमच्या लॅबचा पायगुण चांगला आहे, पेशंट बरे होऊनच येतात.

भावाला सांग, बहिणीची जाहिरात पुरे. हात चोळून द्यायला ये म्हणावं.

ताई

---

११ एप्रिल

ताई,

धरला नाही.

तपासणीचा कागद हातात यायच्या आधीच मला कळलं होतं, सकाळी बाथरूममध्ये. तरी गेले. रक्त दिलं, बाकावर बसले, नाव पुकारल्यावर उठले. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट असूनही निम्म्याहून अधिक वेळा असंच होतं, कारण सापडत नाही. कारण सापडत नाही, हे ते इतक्या सवयीने म्हणाले, जसं आम्ही म्हणतो, ‘फ्रेम शिल्लक नाही’.

घरी मात्र कारणं भराभर सापडली. मी रविवारी पडदे काढले होते. मी दुकान सोडलं नाही. मी रात्री रडत होते. आई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "रिपोर्ट अगदी चांगला होता हो, माझ्या मुलीनेच केलेला. रक्तात काहीही दोष नव्हता. आता दोष कुठे असणार, तुम्हीच सांगा." बाई माझ्याकडे बघत होत्या. मी कपडे वाळत घालत होते. हात वर करून, दोरीपर्यंत. तेही त्यांनी पाहिलं असेल.

तुमच्या भावाने केंद्राची फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, मागे सरकवून. खुर्चीवर चढल्याशिवाय माझा हात पोचत नाही तिथे.

वहिनी

---

२३ एप्रिल

भिंगवाली,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं.

आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. ती बोलते आणि विसरते. मलाही ‘तुझ्या तोंडामुळे लग्न जमलं नाही’ म्हणून झालंय तिचं. मी मेले का?

पण तुला एक विचारू? रागावू नकोस. रक्तात काही नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग बाई, मनात काय धरून बसली होतीस? तुझा स्वभाव आतल्या आत कुढायचा. मी काही डॉक्टर नाही, पण इतकी माणसं बघते. शरीर तयार आणि माणूस तयार नाही, असं होतं. त्या दोन आठवड्यांत तू पडदे काढलेस ते खरं ना? कशाला काढायचे? मी बादली उचल म्हटलं होतं ते गमतीने.

दोष देत नाही. पुढच्यासाठी सांगतेय. पुढचं नाही, हे लक्षात आलं लिहिताना. ते खोडत नाही, पेन धरायला फार कष्ट पडतात.

ताई

---

१६ मे

ताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं नव्हतं. पण एक गोष्ट घडलीय, ती तुमच्या कामाची आहे.

महिन्याच्या सुरुवातीला डावा गाल सुजून डोळा बंद झाला. काकांनीच दुकानातून दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. दाढेखाली पू होता. त्यांनी फोटो काढून दाखवला. हाडात वाटाण्याएवढी पोकळी. "हे आठवड्याभराचं नाही. सहा-आठ महिने तरी आहे. तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?" दाढ काढली तेव्हा मला डोळे मिटून उघडायलाही वेळ मिळाला नाही. बशीत पडल्याचा आवाज आला, बस.

गाल उतरल्यावर मी एकटीच केंद्रात गेले आणि रक्त दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. सीआरपी एक पूर्णांक दोन.

आता मला समजावून सांगा. दाढ आठ महिने सडत होती. आमच्या केंद्रात बारा, अकरा. दाढ काढल्यावर एक. हे मला कळतं. मधला तुमचा तीन पूर्णांक आठ कळत नाही. तेव्हाही ती दाढ माझ्याच तोंडात होती.

मनात काय धरून बसले होते, ते विचारलंत ना? तुमचा आकडा.

वहिनी

---

३ जून

भिंगवाली,

तू फार विचार करतेस. सूज चढउतार करते. पू कधी कोंडतो, कधी शांत बसतो, त्या दिवशी शांत असेल. दाढा काय, अर्ध्या गावाच्या किडलेल्या असतात, आणि पोरं होतच असतात ना? उगाच दाढेला धरून बसू नकोस.

आता माझीही एक गंमत ऐक, तेवढंच हसशील. बोटांचं फारच वाढलं. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. मालक म्हणाले, पेशंटला तिसऱ्यांदा टोचलंत तर तो मला टोचेल, जा दाखवून या. म्हणून मोठ्या इस्पितळात गेले. तिथे एक पोरगेलासा डॉक्टर. एकेक सांधा दाबून बघितला, आणि रक्ताला पाठवलं. माझं रक्त! सीआरपी आला चौतीस.

मी त्याला म्हटलं, "बाळा, तुमचं मशीन तपासून घ्या. मी नॉर्मल आहे." तो हसला नाही. म्हणाला, ही सांध्यांची सूज वर्षभर तरी आत चालू असणार, तुम्ही उशिरा आलात. वर्षभर! गेल्या मार्चपर्यंत मी दोनवर होते, हे त्याला कोण सांगणार? आता दुसरीकडे करून घेईन. आमच्याकडे करणार नाही, आपलं आपण बघितलं की लोक म्हणतील खोटं आहे.

गोळ्या दिल्यात. पोट जळतं. बाकी ठीक.

ताई

---

८ जून

वन्सं,

ताई लिहिणार होते. हात वळला नाही.

तुमचंच आठ मार्चचं पत्र समोर घेऊन बसले आहे. तुम्हीच लिहिलंय, मला फक्त ओळी जुळवायच्या आहेत. चुकत असेन तर सांगा.

मार्चमध्ये मशीनने तुम्हाला आठ दाखवला. तुम्ही म्हणालात, बाटली वेडी. वर्षभर तुमच्या सांध्यांत सूज आहे, असं इस्पितळ म्हणतं. म्हणजे मशीन शहाणं होतं. तुमचा आकडा आठच होता.

तुम्ही तो चौथ्या हिश्श्यावर आणलात, तुम्ही नॉर्मल ठराव्यात म्हणून. मग त्याच मशीनवर माझं रक्त लावलंत. तीन पूर्णांक आठ. चौपट केल्यावर किती होतात, ते मी पाटीवर मांडून बघितलं. पंधरा.

पंधरा असताना शेवटचा गर्भ ठेवला. पंधरा कळला असता तर डॉक्टरांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं असतं, मी दाढ दाखवली असती, आणि आज एकवर असताना तो तिथेच असता. गोठलेला, पण असता.

बरोबर आहे का, एवढंच लिहा. माझ्या स्वभावाबद्दल लिहू नका.

---

३० जून

वहिनी,

तीन आठवडे लागले. अर्धा दोष हाताचा. हे पत्र मी इथल्या कारकुनाकडून लिहून घेणार होते, पण कसं घेणार?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मालकांना न विचारता कंट्रोलची बाटली मागवली. आली तेव्हा लॅब बंद करून लावली. बाटलीवर लिहिलं होतं वीस. मशीन म्हणालं पाच.

बरोबर आहे. तू मांडलंस तसंच.

एक मात्र लिहू दे. पंधरा नसता तरी धरला असता, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी आमच्या समोरच्या डॉक्टरांना आडून विचारलं. आकडा चढा असणाऱ्यांनाही दिवस जातात, खाली असणाऱ्यांनाही कधी जात नाहीत. काही ठिकाणी फरक दिसतो, काही ठिकाणी दिसत नाही. तुझा गेला तो माझ्यामुळेच, हे मला माहीत नाही. माझ्यामुळे नाही, हेही माहीत नाही. तुलाही कधी कळणार नाही.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, गुणक परत नीट करा आणि विषय संपवा. मार्चपासून इथून किती आकडे गेले असतील. समोरची माणसं आठवतात. एका पोराला ताप होता. एका म्हातारीचं ऑपरेशन झालेलं, टाके बघायला आणली होती, मी तिला ‘सगळं छान’ म्हणाले. मालक म्हणाले, कुणी तक्रार केलीय का? नाही ना? मग?

तुझी आहे, पण तू घरची.

म्हणून विचारते. आईला आणि त्याला सांगू नकोस. माझं काम आता असंही फार दिवसांचं नाही, सुई धरता येत नाही म्हणजे संपलंच. तेवढं तरी नीट संपू दे. वीस वर्षं माझा आकडा चुकला नाही, असं तो डॉक्टरांना म्हणाला होता ना? तेवढं राहू दे. तुला जो दोष देतात तो थोड्या दिवसांत विसरतील. माझा विसरणार नाहीत.

तू म्हणशील तसं. पण सांगू नकोस.

ताई

---

१० जुलै

ताई,

सांगितलं.

आठवडाभर पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. सांगायचं नाही, असंही एकदोनदा ठरवलं. मग काल जेवताना आई म्हणाल्या, शेजारच्या बाईंच्या पुतणीला दिवस गेलेत, तिला काही तपासण्या-बिपासण्या लागल्या नाहीत, रक्तच चांगलं त्यांच्याकडचं. मी ताट बाजूला केलं.

"माझं रक्त चांगलं नव्हतं," मी म्हटलं. "ताईंच्या लॅबचा आकडा खोटा होता. सूज उतरलीच नव्हती. तेव्हा गर्भ ठेवायलाच नको होता."

"खोटा कसा असेल? ताईने केलाय," तुमचा भाऊ म्हणाला.

"त्या आजारी होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या रक्तावर मशीन लावलेलं होतं."

आईंचा घास हातातच राहिला. "आजारी? कोण, माझी मुलगी? काय झालंय तिला?"

मी सांगितलं. सांधे, बोटं, वर्षभराची सूज, चौतीस. चौतीस आकडा ऐकून तो उठून उभा राहिला. माझा बारा ऐकताना तो मोबाइल बघत होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला."

"आणि महिनाभर तू गप्प बसलीस? तिला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि तू गप्प?"

"मी गर्भाबद्दल बोलतेय," मी म्हटलं. "आपल्या. शेवटच्या."

"तो गेला ना आता," आई म्हणाल्या. "जिवंत माणसाचं बघा काहीतरी."

मग त्या रडायला लागल्या. एप्रिलमध्ये रडल्या नव्हत्या. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. मी पत्र काढून टेबलावर ठेवलं, तुमचंच, सगळं लिहिलेलं. त्याने उचललं, अक्षर बघितलं आणि म्हणाला, "बघ, कसं वाकडं झालंय तिचं अक्षर." वाचलं की नाही, माहीत नाही. घडी करून आईंना दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं.

तुम्हाला भीती होती, ते तुमचा दोष विसरणार नाहीत. दोष कुणी ऐकलाच नाही, ताई. सांगून मी सुटेन असं मला वाटलं होतं. आता मी पोर न झालेली बाई आहे, आणि शिवाय आजारी नणंदेचं लपवून ठेवणारी.

अर्ध्या तासात सगळं ठरलं. तुम्हाला इथे आणायचं. मधली खोली द्यायची. जिना नको, बादली नको, वाकणं नको. नियम त्यांना पाठच आहेत. तुमचं कोण करणार, असं आईंनी विचारलं आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. विचारायचं म्हणून नव्हे.

मी हो म्हटलं. तुमच्यासाठी नाही, उगाच गैरसमज नको. नाही म्हणायला मला शब्द आठवला नाही.

हे पत्र पेटीत टाकलं तर तुम्हाला मिळायचं नाही. ते पोचेपर्यंत तुम्ही इथे असाल. म्हणून मधल्या खोलीत पलंगावर ठेवते. आल्यावर वाचा. तुमची बटणं मी लावीन. केस विंचरीन, गोळ्या वेळेवर देईन, आणि आई बाहेरच्यांना सांगतील की सून लाखात एक आहे. पण खोलीत आपण दोघीच असताना मला भिंगवाली म्हणू नका. आणि आता तो आकडा कितीवर आला, हे दर महिन्याला मला सांगू नका. तो कुणाचाही असो.

वहिनी

११ जुलै. आज सकाळी तो पहिल्या गाडीने तुम्हाला आणायला गेला. मी मधली खोली पुसली, गादी उन्हात टाकली आणि आता दुकानात जातेय.